दोस्तीतला हिशेब

मालेगावच्या नासिर शेखने 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्या मंडळींवर माहितीपट झाला, 2025 मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमाही आला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी, हे जुगाड सगळ्यांना आवडतं. मला मात्र तिथले दोस्त दिसतात. दिवसभर यंत्रमागावर राबून मग कॅमेऱ्यापुढे येणारे.

अचलपूर-परतवाड्यात मी लग्नांचं शूटिंग करतो. आम्ही तिघं आहोत. चौथा माणूस कोणीही चालत नाही, कारण निकाहच्या घरात बायकांच्या बाजूचं शूटिंग आमच्या ताईच करतात आणि ते एडिटिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतं. त्यातली एक क्लिप बाहेर गेली, तर गावात पुन्हा कोणी बोलावणार नाही. कॅमेरा हप्त्यावर मिळतो, असा माणूस मिळत नाही.

पण म्हणूनच ‘दोस्तीत कसला हिशेब’ हे वाक्य मला पटत नाही. ॲडव्हान्स येतो तो भाड्यात आणि पेट्रोलमध्ये जातो. उरलेले पैसे पार्टी पेन ड्राइव्ह हातात पडल्यावर देते, तेही कधी दोन महिन्यांनी. तोवर रात्री जागलेला एडिटिंगवालाच थांबतो. आम्ही त्याचा वाटा ॲडव्हान्समधूनच काढतो, वहीत लिहितो, तिघं सह्या करतो.

यंदा दुसरी टीम काढा म्हणतात लोक. ताईंना त्यांच्यासारखी आणखी एक बाई सापडली, की काढू.