बैलगाड्याला घाट, कुस्तीला आखाडा. मग पोरांच्या गाड्यांना रस्ताच का?

स्पष्टच लिहितो. मोडिफाय केलेल्या गाड्यांवरून गावात सध्या दोन गट पडलेत. एक म्हणतो, ही पोरं माजलीत, गाड्या जप्त करा, सायलेन्सरवर रोलर फिरवा. दुसरा म्हणतो, हौस आहे, स्वतःच्या पैशानं करतात, तुमच्या पोटात का दुखतं? मला दोघांचंही पटत नाही. गॅरेज लाइनमध्ये अठरा वर्षं काढलीत, त्यामुळं या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात अठरा-वीस वर्षांचं पोरगं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी पोरांशी बोलतो.

सध्याचं नवीन खूळ म्हणजे मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतीची गाडी रस्त्यावर आणायची. रील्समध्ये बाहेरच्या देशातली पोरं दाखवतात. हेडलाइट लावला, इंडिकेटर लावले, आरसे आणि हॉर्न बसवला की गाडी 'स्ट्रीट लीगल'. पुढं हौस वाढली की २१ आणि १९ इंची तारांची चाकं काढून १७ इंची रिमा, रुंद टायर, पुढं मोठी डिस्क, आणि झाली सुपरमोटो. तिकडं अशी गाडी घेऊन पोरं ट्रॅकवर दिवसभर चालवतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत तपासणी करून तिला रस्त्याचा नंबरही मिळतो. ते खोटं नाही. पण ते तिकडचं आहे.

आपल्याकडं गाडीला नंबर मिळतो तो मॉडेल आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेलं असतं म्हणून. शोरूमवाला २१ आणि २२ नंबरचा फॉर्म देतो, त्यावर आरटीओत नोंदणी होते. शर्यतीच्या गाडीला हे कागद जन्मापासूनच नसतात. कावासाकीची केएक्स घ्या, कंपनी स्वतःच सांगून विकते की ही रस्त्यासाठी नाही. तिला तुम्ही सोन्याचा हेडलाइट लावला तरी एमएच १३ चा नंबर पडणार नाही. 'कागद होऊन जातील, आपली सेटिंग आहे' असं सांगून जो पुण्या-मुंबईहून सेकंडहँड गाडी गळ्यात मारतो, तो खोटं बोलतो. आणि जो जुन्या स्प्लेंडरचा नंबर तिच्यावर टाकून देतो, तो तुम्हाला थेट फौजदारी गुन्ह्यात ढकलतो.

बरं, साध्या रस्त्याच्या गाडीत फेरफार केला तरी मोकळीक नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. आता कलम १८२-अ प्रमाणं मालकानं बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. परवानगी घेऊन, मंजूर किट बसवायची वाट आहे, पण सायलेन्सर कापणं त्यात बसत नाही.

आता कायदा बाजूला ठेवा. मिस्त्री म्हणून सांगतो.

मोटोक्रॉसच्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. इंजिनात जेमतेम लिटरभर तेल, ते काही तासांनी बदलायचं. पिस्टनसुद्धा ठरावीक तासांनी बदलायचा माल. तुमची शाईन चाळीस हजार किलोमीटर न उघडता पळते, ती सवय इथं चालत नाही. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये आपल्या गाड्यांना रबर असतात, धक्का ते खातात. शर्यतीच्या गाडीला ते नसतात. मातीत चाक घसरतं म्हणून चालतं, डांबरावर तोच धक्का सरळ चेनला आणि गिअरबॉक्सला बसतो. शॉकअपचा प्रवास साधारण ३० सेंटिमीटर, त्यामुळं जोरात ब्रेक मारला की पुढचा भाग खाली बसतो आणि मागचं चाक हलकं होतं. बटणाचे टायर ओल्या डांबरावर साबणासारखे सरकतात.

आणि लाइट. गाडीला मुळात दिवे नसतात, म्हणून वीज बनवायची ताकदही बेताचीच. त्यावर ऑनलाइन मागवलेला हेडलाइट लावून पोरगं गळीत हंगामात रात्री कुर्डुवाडी रोडला निघतं. समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. पुढचं मी लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे.

आता आई-बापांसाठी. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अशा गाडीनं रस्त्यावरच्या कुणाला उडवलं, तर अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या खिशातून. तिथं कंपनी पैसे भरायला येत नाही. ती रक्कम लाखांत असते आणि ती कुठून येते? रानातून. पोरगं अठराच्या आत असेल तर कलम १९९-अ प्रमाणं पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. वाढदिवसाला गाडी घेऊन देताना हा हिशोब एकदा मांडा.

आवाजाचंही सांगतो. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं आणि तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. आपल्या गावात नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, लांबलांबून पेशंट येतात. केमो घेऊन पडलेल्या माणसाच्या खिडकीखालून फटाके वाजवत जाणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही.

इथपर्यंत वाचून पहिला गट खूष झाला असेल. थांबा, आता तुमचा नंबर.

रोलर फिरवून काय होतं? महाराष्ट्रात कुठल्या ना कुठल्या शहरात दर काही महिन्यांनी हा कार्यक्रम होतो. सायलेन्सर रांगेत मांडतात, रोलर फिरतो, फोटो येतो, आपण टाळ्या वाजवतो. पंधरा दिवसांत तेच पोरगं नवीन सायलेन्सर लावून फिरतं, कारण विकणाऱ्या दुकानावर रोलर फिरत नाही. वस्तू उघड विकायची सूट आणि लावली की गुन्हा, हा कसला न्याय? कारवाई करायची तर साखळीच्या वरच्या टोकापासून करा. सायलेन्सर विकणारा, बसवणारा, कागद करून देतो म्हणणारा एजंट, आणि मग पोरगं.

दुसरं, ज्या पोरांना तुम्ही टवाळ म्हणता त्यातली निम्मी आयटीआयची आहेत. फोर्क उघडून तेल बदलणं, चाकाच्या तारा ओढून रिम सरळ करणं, वायरिंगचा नकाशा वाचणं, कार्बोरेटरचा जेट बदलून गाडी लावणं, हे त्यांना येतं. चाकणला, रांजणगावला ज्या कामाला पगार मिळतो तेच काम ते रात्री जागून स्वतःच्या पैशानं शिकतात. त्या हाताला आपण काय दिलं? चलन.

माझा मुद्दा एवढाच आहे: गाडी आणि वाट एकमेकांसाठी बनतात. हे बार्शीकरांना कुणी शिकवायची गरज नाही. १८९७ मध्ये कॅलथ्रॉपनं बार्शी लाइट रेल्वे सुरू केली ती याच हिशोबावर. रूळ अडीच फुटी आणि हलके, म्हणून इंजिन-डबे असे बांधले की एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ नये. मोठ्या लाइनीचं इंजिन आणून त्यानं त्या रुळांवर चढवलं नाही. मोटोक्रॉसची गाडी रस्त्याची नाही. मग तिची वाट बनवा. नाही बनवली तर ती रस्त्यावर येणारच.

बैलगाडा शर्यतीचं आठवा. वर्षानुवर्षं बंदी होती, तरी चोरून शर्यती होत होत्या, रानात, पहाटे, कुठलीही सोय नसताना. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियमांसह परवानगी कायम केली. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अटी पाळाव्या लागतात. बैलगाड्याला घाट मिळाला. कुस्तीला आखाडा कधीपासून आहे. क्रिकेटच्या नाइट टुर्नामेंटला प्रत्येक नेत्याची वर्गणी आहे. फक्त गाडीवाल्या पोराला लातूर रोड नाहीतर येडशीचा घाट. आणि तिथं तर रामलिंगचं अभयारण्य आहे, मातीची हौस भागवायला तिथं घुसणं हा आणखी एक गुन्हा.

कुणी म्हणेल, हे मोठ्या शहरांचे चोचले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती टाकून सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली, परदेशी रायडर आले. ठीक, ते पुणे. पण कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक कित्येक वर्षांपासून आहे, तिथं पोरं घडली. कोल्हापूर काही लंडन नाही.

काय लागतं ते सांगतो. सरावाच्या छोट्या ट्रॅकला चार-पाच एकर पडीक जमीन पुरते. आपली काळी माती पावसात चाकाला धरते, म्हणून मुरूम टाकावा लागेल. जेसीबीचे थोडे दिवस, धुळीसाठी पाण्याचा टँकर, कडेला जुने टायर, तारेचं कुंपण. महिन्यातून दोन रविवार. प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस. अँब्युलन्स उभी असल्याशिवाय एकही गाडी चालू करायची नाही. हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचं पॅड आणि बूट नसेल तर आत प्रवेश नाही. गाडी पिकअपमध्ये घालून आणायची आणि पिकअपमध्येच न्यायची. स्पर्धा घ्यायची झाली तर एफएमएससीआय ही देशातली अधिकृत संघटना आहे, तिची परवानगी आणि तिचे नियम. जागा गावापासून, दवाखान्यापासून आणि जनावरांच्या गोठ्यांपासून लांब.

एका चौकाच्या सुशोभीकरणाला किती लागतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं पैसे नाहीत हे मला सांगू नका. नगरपरिषद आहे, बाजार समिती आहे, तालुक्याच्या आसपास कारखाने आहेत. पडीक जागा भाड्यानं द्या, फुकट नको. पोरं वर्गणी भरतील. सायलेन्सरवर दहा हजार घालणारं पोरगं महिन्याला पाचशे भरणार नाही का?

ट्रॅक झाला की मग कडक व्हा. तेव्हा रस्त्यावर बिननंबरी गाडी दिसली तर जप्त करा, मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहीन. आज तेवढं तोंड आपल्याला नाही, कारण आपण फक्त 'इथं नको' म्हणतो, 'तिथं जा' कधी म्हणत नाही.

आणि गॅरेजवाल्या माझ्या भावांनो, शर्यतीची गाडी रस्त्यासाठी बदलून द्यायचं काम घेऊ नका. चार हजार मजुरी मिळेल, पण ते पोरगं गेलं तर त्याचा बाप तुमच्या दारात येईल. ट्रॅकसाठी गाडी लावायची असेल तर बिनधास्त लावा, त्यात खरी कारागिरी आहे. नंबरवाल्या गाडीवर मातीत चालवायची हौस असेल तर एक्सपल्ससारखी कागद असलेली गाडी बाजारात आहे, ती घ्यायला सांगा.

'बार्शी तिथं सरशी' म्हणतो ना आपण? मग तालुक्याच्या गावात पहिला रीतसर मातीचा ट्रॅक बार्शीनं करून दाखवावा. येत्या महिन्यात नगरपरिषदेला निवेदन द्यायचं ठरवलंय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव आणि वॉर्ड कळवा. ज्यांना पटत नाही त्यांनीही बोला, पण एक सांगा: पोरांनी गाडी चालवायची कुठं?