वेदिकेवरचा अग्नी

घटस्थापना झाली की करवीरनगरीत उत्सवास भरते येते. ललितापंचमीस अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीस जाते, अष्टमीस देवी नगरप्रदक्षिणेस निघते. या दिवसांत कीर्तनाचा उत्तररंग आटोपून परतताना आमची पावले हटकून खासबागेकडे वळतात. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे १९१५ साली उभे केलेले ‘पॅलेस थिएटर’, म्हणजेच पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

पुनर्बांधणीचे ठरले तेव्हा एका भाविक यजमानांनी आम्हांस विचारले, “बुवा, देवळाचा जीर्णोद्धार आम्ही समजू शकतो; नाटकशाळेसाठी आपणांस एवढा कळवळा कशास?”

उत्तर शास्त्रातच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात कथा येते की, असुरांनी प्रयोगात विघ्ने आणली, तेव्हा ब्रह्मदेवांनी विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या एकेका भागावर रक्षक म्हणून देवता नेमल्या. मंडपावर चंद्र, नेपथ्यभूमीवर मित्र आणि वेदिकेवर साक्षात अग्नी! ज्याला राखणीस बसविले त्यानेच घर गिळावे, हे आमच्या नगरीचे दुर्दैव. (राखणदारास बोल लावण्यापूर्वी घरधन्यांनी काय राखले, हेही विचारावे लागते.) पुढच्या अध्यायांत भूमिशुद्धी, स्तंभांची उभारणी, रंगदेवतांचे पूजन यांचे विधी आहेत. एवढे सोपस्कार ज्या वास्तूस सांगितले, ती देवालयास परकी कशी?

दगड, लाकूड, छप्पर पूर्ववत होईल. त्याविषयी आम्हांस चिंता नाही. चिंता आहे ती आवाजाची. १९१५ साली ध्वनिक्षेपक नव्हते. गायकनटाचा उघडा कंठ अखेरच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे. तो गुण यंत्रांच्या भरवशावर सोडला, तर वास्तू परतेल, पण केशवरावांचे घर परतले असे आम्ही म्हणणार नाही.

आणि ते घर केवळ भाड्याने देण्याचेही होऊ नये. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. मल्ल तेथे रोज घाम गाळतो, म्हणून शेजारच्या खासबाग मैदानात कुस्ती रंगते. गाणाऱ्या मुलाने, शाहिराच्या पोराने, सोंगी भजनाच्या मंडळाने सराव कोठे करावा? प्रयोग नसतील त्या सकाळी हे रंगमंदिर त्यांना विनामूल्य उघडे असावे आणि नवरात्रात एक सायंकाळ नारदाच्या गादीसही मिळावी. हा आमचा स्वार्थ म्हणा हवे तर.

त्या यजमानांस हे कितपत पटले, कोण जाणे! त्यांची नात मात्र आमच्याकडे साकी-दिंडी शिकावयास येते. आवाज निकोप आहे. तूर्त तिचा सराव देवळाच्या ओवरीत, दर्शनरांगेच्या गलबल्यात चालतो.