कुदळीची वकिली पुरे

“खणल्याशिवाय भाजी? मग मुळांना हवा कुठून मिळणार?” आमच्या परसातले पाल्याने झाकलेले वाफे बघून बहुतेक पाहुणे हेच विचारतात. मुळांना हवा लागतेच, त्यात वाद नाही. पण ती कुदळीनेच घालावी लागते, हे कुणी ठरवलं?

खणलेली माती भुसभुशीत दिसते ती पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. उघड्या मातीवर मृगाच्या सरी आदळल्या की ढेकळं विरघळतात आणि वर पापडी धरते. मग आपण पुन्हा कुदळ शोधतो. टिकाऊ पोकळी असते ती कुजलेल्या मुळांच्या वाटांची आणि गांडुळांच्या बिळांची. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या अनेक भागांत दर वर्षी एकरी १० टनांहून अधिक सुकी माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता. एवढी मशागत फुकट करणाऱ्याचं घर आपण दर हंगामात फोडतो आणि वर गांडूळखताची पिशवी विकत आणतो!

दुसरा आक्षेप जाणकारांचा: सुका पाला कुजताना नत्र खातो, रोपं पिवळी पडतात. खरं आहे, पाला मातीत कालवला तर. नुसता वर पसरला तर ही ओढाताण पाला जिथे मातीला टेकतो तेवढ्या पातळ पट्ट्यात होते. मुळं त्याच्या खाली असतात. शिवाय थर लावायचे ते याचसाठी. तण उपटायचं नाही, कापून तिथेच आडवं पाडायचं. त्यावर चिकटपट्टी काढलेला साधा तपकिरी पुठ्ठा, चिंब भिजवून, कडा वीतभर एकमेकांवर चढवून. मग चार बोटं शेणखत, वीतभर सुका पाला, थोडा स्वयंपाकघरातला ओला कचरा, पुन्हा पाला. सगळ्यात वर चाळलेलं कंपोस्ट. उन्हाळ्यात रचलेला हा फूटभराचा ढीग पावसाळ्यात निम्म्यावर बसतो. त्यात वांगी, मिरची, दोडका खुशाल लावा. पीक संपलं की झाड बुंध्याशी कापायचं. मूळ आतच राहू द्यायचं.

“हे परदेशी खूळ,” असंही ऐकू येतं. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफे एकदाच करून पुढे नांगरणी आणि चिखलणी दोन्ही वगळून भात पिकवून दाखवला, आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवली. चिखलणीशिवाय भात कोकणात होतो, तर परसातल्या वांग्याला खणणीचा हट्ट कशाला?

आता आमच्याच पक्षाच्या भाबड्यांना दोन शब्द. ‘तण येत नाही, कीड येत नाही’ असं ते सांगतात ते खोटं आहे. लव्हाळ्याचा कोंब पुठ्ठा भोसकून वर येतो. तो पुन्हा पुन्हा कापून दमवावा लागतो. आमच्याकडे पहिल्याच श्रावणात ओल्या पाल्याखाली गोगलगायींनी संसार थाटला आणि कोबीची पंचवीस रोपं दोन रात्रींत फस्त केली. तेव्हापासून कोवळ्या रोपांभोवती हातभर जागा उघडी ठेवतो आणि कंदील घेऊन गोगलगायी वेचतो. मेथी, माठ यांचं बारीक बी जाड पाल्यात रुजत नाही, त्याला वर नुसतं कंपोस्टच हवं. बांधकामाच्या राड्यारोड्याने दगडासारखी झालेली जमीन असेल तर सुरुवातीला एकदा पहारीने सैल करावी. त्याने धर्म बुडत नाही. एकदा, दरवर्षी नव्हे.

राहता राहिला ‘एवढा पाला आणायचा कुठून?’ हा प्रश्न. शिशिरात कुठल्याही सोसायटीच्या कोपऱ्यात सकाळी धूर निघतो, तो याच पाल्याचा. झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि रिकामी पोती घेऊन काडी ओढली जायच्या आत पोहोचा.