खांबावर नाव कुणाचं?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

तीन वर्षांपूर्वी दीड गुंठ्यावर घर बांधायला काढलं. तळमजल्याची सेंट्रिंग खोलली, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमच्या बुडाशी वीतभर नुसती खडी होती आणि खडीआडून सळई दिसत होती. ठेकेदाराला बोलावलं. "काका, असं होतंयच. घमेलंभर माल लावला की झालं," म्हणाला. मी जेवून येईपर्यंत झालंही होतं. पुढे त्यावर गिलावा चढला.

घर उभं राहिल्यावर वीजजोडणीचा अर्ज केला. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागितला गेला. परवाना क्रमांक, सही, शिक्का. रास्तच आहे. पण पंख्याच्या वायरीची जबाबदारी घ्यायला परवानाधारक लागतो आणि पंखा ज्या स्लॅबला टांगलाय, तो ओतणारा कुणीही चालतो, हे कोडं मला सुटत नाही.

सरकारी काम घ्यायचं तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्गवार नोंदणी लागते. माझ्या घराचं काम घ्यायला मोबाईल आणि मिक्सर पुरतो. तक्रार घेऊन महारेराकडे जावं, तर तिथे घर विकणारा प्रवर्तक लागतो. इथे बांधून घेणारा मी आणि राहणाराही मीच. ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, पण आमचा करार म्हणजे डायरीचं एक पान: चौरस फुटाचा लेबर रेट आणि हप्ते. कॉलमच्या रिंगा किती इंचांवर, स्लॅबवर पाणी किती दिवस मारायचं, याचं त्यात अक्षर नाही. स्वस्तातला ठेकेदार मीच निवडला, हेही कबूल करतो.

बांधकामांसाठीच्या 2020च्या एकत्रिकृत नियमावलीनं 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना परवानगी सोपी केली. ती सवलत काढू नका. ज्याला आपलं घर स्वतःच्या हातानं बांधायचंय, त्याचा हक्कही राहू द्या. पण 30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. ती घरंही लोकांनी पिढीजात रीतीनंच बांधली होती.

परवान्याची नवी खिडकी म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, ही भीती मलाही आहे. म्हणून मागणं लहान आहे. घरबांधणीचा ठेका घेणाऱ्यांची पालिकेत आणि ग्रामपंचायतीत साधी नोंदवही ठेवा. तिथे डिग्री विचारू नका. सळई बांधून, माल कालवून दाखवायला सांगा. आमच्याकडचे कितीतरी गवंडी त्यात पहिल्या फटक्यात पास होतील आणि त्यांना भावही चांगला मिळेल. दुसरं, नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्यानं कॉलम आणि स्लॅब ओतण्याआधी सळई पाहावी आणि मराठीत एक पानभर तपासणी लिहून मालकाच्या हाती द्यावी. त्यावर ठेकेदाराचीही सही असावी.

माझ्या फायलीत विद्युत ठेकेदाराचा परवाना क्रमांक आजही आहे. नकाशावर अभियंत्याचं नाव आहे, सातबाऱ्यावर माझं. ज्यानं तो कॉलम ओतला, त्याचं नाव मात्र एकाही कागदावर नाही. त्या कोपऱ्यात आता फ्रीज ठेवलाय.

आपला,
एक घरमालक