पदराची गाठ

गेल्या पावसाळ्यात महाडच्या बाजारात पोलादपूरकडच्या एक वहिनी भेटल्या. वय बेचाळीस, पण पाहणाऱ्याला पन्नाशी उलटल्यासारखी वाटावी. यजमान मुंबईला, सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. पिशवीतून डबी काढून म्हणाल्या, "भाऊजींनी पाठवलीय. तारुण्य राखणारं एन्झाइम आहे म्हणे यात. घेऊ का हो ताई?"

भगिनींनो, या एन्झाइमची गोष्ट खरी आहे. डबीवरच्या वचनाचा मात्र भरवसा नाही.

पदराचे सूत उसवू नये म्हणून आपण टोकाला गाठी मारतो ना? पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही तसेच संरक्षण असते. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागत गेली की ते झिजत जाते. ती झीज भरून काढणारे एन्झाइम म्हणजे टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ साली डबक्यातल्या एका एकपेशी जीवात सापडले. २००९ साली जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याला अधिक जवळची गोष्ट २००४ सालची. ब्लॅकबर्न, एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ आयांची तपासणी केली. त्यांतल्या अनेकींची मुले दीर्घकाळ आजारी होती. ज्यांच्या मनावर ताण सर्वांत जास्त, त्यांची टोके निदान दहा वर्षे वय वाढल्याइतकी झिजलेली दिसली, एन्झाइमही मंदावलेले. पाहणी लहान होती, तरी तिची दिशा विचार करायला लावणारी आहे.

मग गोळीने एन्झाइम वाढवावे का? थांबा. बहुतेक कर्करोगांच्या पेशी याच एन्झाइमच्या बळावर बेसुमार वाढतात. अशा गोष्टीशी जाहिरात वाचून खेळू नये.

वहिनींना म्हटले, "आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या, थकव्यामागे पंडुरोगही असतो. आणि भाऊजींना कळवा, गोळ्या नकोत, तुम्हीच या. महिन्यातून दोन दिवस आईचं करा. तेवढे दोन दिवस मला झोपू द्या."

वहिनी हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "तीन वर्षांत झोपेचं कुणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या.

नरकचतुर्दशीला घरादाराला तेल लावून जी शेवटी, निवलेल्या पाण्याने नाहते, तिच्या पाठीला यंदा कुणी तेल लावील काय?