डोंगरावरची माणसं काटक असतात, हे आता पुरे

आमचा खंडाळा लोणावळ्याशेजारचा नव्हे. सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. हमरस्त्यावरचं गाव. इथे कुणाला छातीत दुखलं तर गाडी मिळते, आणि पुणं किंवा सातारा, दोन्हीकडे जाता येतं. त्यामुळे डोंगरातल्या माणसाचं दुखणं काय असतं ते मला इथे बसून बरीच वर्षं कळलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

उन्हाळ्याच्या शेवटी एक तरुण त्याच्या आईला घेऊन आला. तो शिरवळला कंपनीत आहे, आई कोयनेच्या जलाशयापलीकडच्या एका वाडीत राहते. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तो म्हणाला, "डॉक्टर, तिला तसं काही नाही. चालताना दम लागतो एवढंच. डोंगरातली आहे, काटक आहे." मावशींचं ब्लडप्रेशर १९० वर ११० होतं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९१. आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, पण फुंकणीने चूल पेटवत, धुराने भरलेल्या बिनखिडकीच्या घरात पंचेचाळीस वर्षं भाकऱ्या भाजलेल्या. त्यांच्या श्वासनलिका आतून आकसल्या होत्या. आम्ही त्याला सीओपीडी म्हणतो. हा आजार फक्त सिगारेट ओढणाऱ्यांचा असा समज आहे, तो चुकीचा आहे. लाकडाचा धूर तेच काम सावकाश करतो.

"काटक" हा शब्द तुम्हीही वापरत असाल. स्वच्छ हवा, नाचणीची भाकरी, रोजची चढउतार. मग आजार कुठून येणार? त्यातलं काही खरंही आहे. पण ऐंशीच्या वयात डोंगर चढणारे आजोबा तुम्हाला दिसतात कारण ते जगले. जे पंचावन्नाव्या वर्षी वाटेतच गेले ते तुमच्या ट्रेकच्या फोटोत येत नाहीत. आणि एखाद्याला काटक म्हटलं की त्याचं ब्लडप्रेशर मोजायची गरज कुणालाच वाटत नाही, त्याच्या मुलालाही नाही आणि त्याला स्वतःलाही नाही.

आता अंतराबद्दल. कोयना धरण साठच्या दशकात झालं आणि शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब पसरला. खालची शेती आणि गावं पाण्यात गेली. बरेच लोक पुनर्वसनात दूर गेले. जे राहिले ते वर सरकले, आणि त्यांच्या नि बाजाराच्या मध्ये पाणी आलं. पुढे अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कांदाटी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीतून दवाखान्यात यायचं तर आधी पायवाट, मग लाँच, मग तापोळा किंवा बामणोलीहून गाडी आणि घाट. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. पावसाळ्यात, वारा सुटलेला असताना, लाँच निघेल की नाही ते कुणी सांगू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा रस्तेच तुटले होते, मदतही वेळेवर पोचू शकली नाही.

पूर्वी आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणायचे. एका बांबूला घोंगडी बांधायची आणि आळीपाळीने खांदा द्यायचा. चढउताराच्या वाटेला किमान आठ जण लागतात. या भागातले तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईला जातात, माथाडी म्हणून, आता कंपन्यांत. गावात उरले म्हातारा-म्हातारी. मी रुग्णांना हल्ली एक प्रश्न विचारतो: तुमच्या वाडीत पावसाळ्यात खांदा देणारे किती? पुष्कळदा उत्तर दोन-तीन असं येतं. मला हा आकडा साखरेच्या रिपोर्टइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न मी शिकलो तो चुकून. काही वर्षांपूर्वी अशाच एका वाडीतल्या गृहस्थांना मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू केल्या आणि सवयीने चिठ्ठीवर लिहिलं, "१५ दिवसांनी दाखवणे." महिना जूनचा. ते दिवाळीला आले, मुलाच्या आधाराने, उजवा हात लुळा. गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या, मग पाऊस लागला, मग लावणी आली. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा सीटी स्कॅन काढल्यावर. त्यांच्या घरापासून तेवढ्या वेळात स्कॅनच्या मशीनपर्यंत पोचणं पावसाळ्यात शक्यच नव्हतं. म्हणजे त्यांच्यासाठी खरा उपचार एकच होता, झटका येऊच न देणं. आणि तो मी पंधरा दिवसांचा लिहिला होता.

डोंगरात जूनच्या आधी सगळ्याची बेगमी होते: मीठ, तांदूळ, वाळकी लाकडं, सुकट. गोळ्यांची का नाही? ब्लडप्रेशर आटोक्यात असलेल्या रुग्णाला चार महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला हरकत नसावी, मध्ये आशाताईंनी मशीनवर प्रेशर पाहून फोनवर कळवलं म्हणजे झालं. सरकारी दवाखान्यातही दुर्गम गावांसाठी हा नियमच हवा असं माझं मत आहे. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,000 आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक, असं ठरतं. म्हणजे डोकी मोजतात. दहा-बारा उंबऱ्यांची वाडी त्या हिशेबात कधीच बसणार नाही. तिथे तास मोजायला हवेत. आदिवासी भागांत बाळंतीण आधीच केंद्रावर येऊन राहू शकेल अशी माहेरघर योजना आहे. सह्याद्रीच्या या वाड्या कागदावर आदिवासी नसल्या तरी त्यांची वाट तेवढीच लांब आहे. त्यांनाही ती मिळावी.

तोवर, तुमचे आईवडील अशा गावात असतील आणि तुम्ही पुण्या-मुंबईत, तर मे महिन्यात आंबे न्यायला जाल तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर तपासून घ्या. गोळ्या मोजून ठेवा. इन्सुलिन घेत असतील आणि वीज जात असेल तर न उघडलेल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठात ठेवता येतात, पाण्यात भिजू न देता. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच खाली आणा, कळा सुरू व्हायची वाट पाहू नका. गॅस असूनही सिलिंडर आणणं जिवावर येतं म्हणून चूल चालू असते, हे मला माहीत आहे. निदान भिंतीला वर झरोका पाडा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका, उचलून आणा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. या जंगलात चापडाही आहे, त्याच्यावर ती चालत नाही; पण कोणता चावला हे घरी ठरवत बसू नका, साप मारून आणायलाही थांबू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी कुठवर येऊ शकते ते आधी विचारा, म्हणजे कुठवर उचलून न्यायचं ते कळेल.

मावशींना मुलाने शिरवळलाच राहायचा आग्रह केला. त्या राहिल्या नाहीत. "म्हशीला कोण बघंल?" श्वासाचं औषध नळकांड्यातून कसं ओढायचं ते त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. चार महिन्यांच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी मिठाच्या बरणीशेजारी ठेवते म्हणून सांगितलं. मृगाच्या आधी त्या वर गेल्या. वाडीत खांदा देणारे तिघे आहेत.