गाझी, खुकरी आणि आपण

दरवर्षी ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर चढवलेला हल्ला हे त्याचे निमित्त होय. त्या पराक्रमाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आदल्याच रात्री विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली आणि तिच्यातील नव्वदांहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही, ही घटना आपण केवळ विजयाच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो. ती कशाने बुडाली याविषयी दोन्ही देशांची म्हणणी भिन्न आहेत. मेलेल्यांना त्या वादाचे काय?

पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवनजीक आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेन्द्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. दीवला त्यांचे स्मारक आहे आणि ते असलेच पाहिजे. पण ‘खुकरी’वरच्या खलाशाची आई आणि ‘गाझी’वरच्या खलाशाची आई यांच्या शोकात फरक कोणता? दोघींच्याही हाती मुलाचा देह लागला नाही.

याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्याच होत्या असा नव्हे. याह्याखान यांच्या लष्करशाहीने पूर्व बंगालमध्ये घोर अत्याचार केले आणि बांगलादेशाची मुक्ती न्याय्यच होती. तथापि त्या अत्याचारांचा निर्णय पाणबुडीच्या इंजिनघरात झाला नव्हता. बंद पोलादी कवचात अधिकारी आणि आचारी यांच्या वाट्याला एकच मरण येते. त्यांना पाठवणारे मात्र जमिनीवर सुरक्षित असतात.

आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. ‘गाझी’ ही मुळात अमेरिकी नौदलाची, १९६४ मध्ये पाकिस्तानला दिलेली. ‘हंगोर’ फ्रान्समध्ये बांधलेली, तर ‘खुकरी’ ब्रिटनमध्ये. नौका श्रीमंत राष्ट्रांच्या गोद्यांतून आल्या. बुडाली ती या गरीब उपखंडाची मुले. हा व्यवहार संपलेला नाही. पाकिस्तानने चीनशी आठ पाणबुड्यांचा करार केला. आपल्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावर सहा बांधल्या गेल्या. त्यांतील शेवटची जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. देशाचे संरक्षण नको, असे कोणताही समंजस समाजवादी म्हणणार नाही. पण दोन्हीकडच्या शाळा-दवाखान्यांच्या वाट्याचा पैसा या स्पर्धेत किती जातो, हे विचारणे देशद्रोह नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांना एक सूचना. यंदा ९ डिसेंबरला ‘खुकरी’च्या हुतात्म्यांना अभिवादन करताना ‘गाझी’च्या खलाशांचाही उल्लेख करावा. सभेत कोणी नाराज झाल्यास शांतपणे समजावून सांगावे. शत्रूच्या मृतांसाठी क्षणभर उभे राहिल्याने आपल्या मृतांचा मान कमी होत नाही. उलट पुढच्या युद्धाची भाषा सहज बोलणाऱ्यांना त्या युद्धाची किंमत आठवते.